पंधरा शब्द

माझा दादा शिंपी. हात सोन्याचा. डोक्यातले आवाज गोळ्यांनी केव्हाच बंद झाले, पण गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेऊन खडूपर्यंत जाईतो आकडा पुसला जायचा. तीन कोट वाया गेले, तेव्हा मालकाने त्याला काजं-बटणं करायला बसवलं. आळशी झालाय, असं लोक म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं.

मी प्रयोगशाळेत काम करते. दादाच्या रक्तापासून आम्ही चेतापेशी वाढवल्या. त्याच्या एका गुणसूत्राचा छोटासा तुकडा जन्मापासूनच गळालेला आहे, आणि त्याच्या पेशींमधले जोड इतरांच्या निम्मेच. सूक्ष्मदर्शकाखाली मीच ते मोजले. आळस त्यात कुठेच दिसला नाही.

नेमक्या अशाच रुग्णांवर स्मरणशक्तीच्या नव्या औषधाची चाचणी होणार होती. अट एकच: पंधरा शब्द ऐकवतात, त्यातले सातांपेक्षा जास्त आठवता कामा नयेत. पहिल्या फेरीत दादाला चार आठवले. तीन आठवड्यांनी त्याच यादीची, निवड ठरवणारी पक्की फेरी. आईला मी ही अट सांगितली नाही. तिने उभा जन्म शाळेत शिकवलं. तिच्या वर्गात दगडसुद्धा पास व्हायचा. मुलगा नापास झाला तरच औषध मिळेल, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पक्क्या फेरीत दादाने धडाधड चौदा शब्द म्हटले. डॉक्टरीणबाईंनी कागद मिटला. "छान. पण मग यांना घेता येणार नाही."

बाहेर आईचा चेहरा फुलला होता. पहिल्या वेळी तिने दाराबाहेर बसून शब्द उतरवून घेतले होते आणि तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून घोकून घेतले होते.

मी आत परत गेले, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नियमच आहे. एकदा पाठ केलं की तो माणूस बाद. माझ्या हातात काही नाही."

बाहेर येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता बाकावर बसली. "नापास व्हायचं होतं, तर एका शब्दाने बोलली का नाहीस?"

मला माझीच लाज वाटली.

"औषध कधीपासून?" दादाने विचारलं.

"नाही मिळणार, दादा."

"का? मी पास झालो ना?"

"म्हणूनच."

त्याने मान हलवली. त्याला समजलं होतं, त्याचे डोळे भरून आले. मग आम्ही जिना उतरलो. खालच्या पायरीवर तो आईकडे वळला.

"आई, औषध कधीपासून?"