नऊचे सात करणारी पेन्सिल

ए, इकडे. पिशवीत बघा. टॉर्च नाही हो, टॉर्चच्या शेजारी. ती बुटकी, हिरवी, मागून चावलेली दिसतेय ना, तीच मी. गोल्फची पेन्सिल. बाकीच्या पेन्सिली शाळेत जातात. मला जन्मतःच अर्धी कापली आणि थेट मैदानावर पाठवली. त्यामुळे मी अर्धी आणि माझं शिक्षणही अर्धं. आकडे मात्र येतात, एक ते नऊ. नऊच्या पुढे गोल्फमध्ये लोक मोजत नाहीत, खोकतात.

आणि माझ्या डोक्यावर रबर नाही. लिहिलं ते लिहिलं. पुढचा सगळा राडा त्यामुळेच झाला.

माझं गाव आफ्रिकेतलं. कुठला देश ते अंगावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, पण टोक काढता काढता देश गेला आणि नुसतं ‘ओपन’ उरलं. ओपन म्हणजे त्या देशाची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा. वर्षातून एकदा, चार दिवस, पोटापाण्यासाठी खेळणाऱ्या प्रो लोकांची.

मी तिथल्या स्कोअरच्या तंबूत एका डब्यात राहायचे. समोर लाकडी फलक, त्यावर सुरुवातीपासूनचे विजेते. वरची पंधरा-वीस नावं सगळी गोऱ्या साहेबांची. तेव्हा तिथं ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या सपाट जागेवर, गवत टिकायचं नाही म्हणून वाळूत तेल ओतून सपाट करायचे, आणि साहेब खेळून गेला की वाळू पुन्हा सारखी करायची. कोण करणार? ज्यांची नावं फलकावर नव्हती ते. मग देश स्वतंत्र झाला. मग दोन वर्षांपुढे नावाऐवजी नुसती रेघ. सत्तापालट झाला होता म्हणे. बाहेर रणगाडे उभे असताना हळूच चेंडू ढकलायचा मूड कुणाला येणार? आणि मग एका वर्षी, बॅगा उचलणाऱ्या बापाचा मुलगा जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन अख्खं मैदान फिरवलं, आणि क्लबचे सेक्रेटरी भोंग्यावरून शेवटपर्यंत ओरडत राहिले, ‘कृपया गवतावरून चालू नका.’

हे सगळं मला जुन्या पेन्सिलींनी सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं असेल. पेन्सिलीच त्या.

आता आमचे सुरेशराव. मुंबईच्या एका बँकेचे, त्या देशातल्या शाखेत नेमलेले. ओपनच्या वेळी बँक मदतीला माणसं पाठवायची. सुरेशला काम मिळालं शिडीवर चढून मोठ्या बोर्डावर आकड्यांच्या पाट्या लावायचं. ऊन मरणाचं, टोपी मोठी, पाट्या उलट्या लागायच्या. सहाचे नऊ, नऊचे सहा. एक प्रो तर खाली उभा राहून कळवळला, ‘साहेब, माझं घरदार आहे हो!’

त्या वर्षी शेवटच्या दिवशी तिथलाच एक खेळाडू दोन फटक्यांनी पुढे होता, म्हणजे त्याचे दोन फटके कमी झाले होते; गोल्फमध्ये कमी फटक्यांवाला जिंकतो. तंबूत आला, कार्डावर सही केली, बाहेर पडला आणि चार पावलांवरून परत फिरला. म्हणाला, ‘बाराव्या होलला माझे पाच झाले होते. चार लिहिलेत.’ कमी आकड्यावर सही करून तंबूबाहेर पडलं की माणूस बाद. कुणाला कळलंही नसतं. सुरेशनेच शिडीवर चढून त्याचं नाव उतरवलं.  मला तेव्हाच त्याने खिशात टाकलं. आठवण म्हणे. चोरी म्हणा, मी रागावणार नाही.

नंतर बँकेने त्याला टोकियोला पाठवलं. तो मोठा भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती. हिगाशी-कसाई नावाच्या भागात घर मिळालं. बायको नयना, मुलगी ओवी, वय वर्षं नऊ, आणि लवकरच भांडताना जपानी.

पहिल्याच दिवशी ऑफिसात साहेबांनी, कुरोकी-साननी, मला खिशात पाहिलं. अंगावरचं ‘ओपन’ वाचून डोळे चमकले. ‘सुरेश-सान! तुम्ही ओपनला होतात?’

‘हो, होतो,’ सुरेश म्हणाला.

खोटं नव्हतं. पण इथली माणसं दुसरा प्रश्न विचारत नाहीत, आणि आमच्या सुरेशने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला माहीत झालं, सुरेश-सान आफ्रिकेत ओपन खेळलेत. मग रोज जेवणाच्या सुट्टीत ओपनचा इतिहास. वाळूचे ग्रीन, सत्तापालट, खांद्यावरची मिरवणूक. बेंतोचा डबा उघडा ठेवून लोक ऐकायचे. फक्त शिडी कधी गोष्टीत आली नाही. मी खिशातून टोचायचे. माणूस खाजवायचा आणि पुढे बोलायचा.

असे सहा महिने गेले. मग निघाली ऑफिसची गोल्फ स्पर्धा, चिबातल्या एका मैदानावर. सुरेशने तोवर काठी हातात धरली होती ती फक्त जाळी काढायला.

आता इथली एक गंमत ऐका. जपानी ऑफिसच्या गोल्फमध्ये पहिल्याला बक्षीस असतंच, पण शेवटून दुसऱ्यालाही झक्कास बक्षीस असतं. शेवटच्याला नाही, नाहीतर सगळेच मुद्दाम शेवटचे येतील. हुशार लोक! त्याला म्हणतात बूबी. त्या वर्षीचं बूबीचं बक्षीस होतं थीम पार्कची तीन तिकिटं.

रविवारी सकाळी सुरेशने पहिला फटका मारला. चेंडू तिथेच राहिला, गवत पुढे गेलं. कुरोकी-सान आदराने म्हणाले, ‘इथली हवा जड आहे. तुमच्या आफ्रिकेत उंचावर खेळायची सवय ना!’ सुरेशने मान डोलावली. सोळाव्या होलला तळं होतं. एक चेंडू तळ्यात. दुसरा तळ्यात. मग वाळू, मग पुन्हा वाळू. कुरोकी-सान पलीकडे आपला चेंडू झुडपात शोधत होते. सुरेशने मला काढलं, इकडे तिकडे बघितलं आणि लिहिलं, सात.

मी लिहिलं. मला दोष देऊ नका, हात त्याचा होता.

खेळ संपल्यावर क्लबातच निकाल. आयोजक हिरोसे-सान बाईंनी यादी वाचली. सगळ्यात शेवटी एक नवा माणूस, १४१. शेवटून दुसरे, कुरोकी-सान, १२७. हशा, टाळ्या, तिकिटं. त्यांच्या वर आमचा सुरेश, १२६. सुरेशनेही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात.

घरी आल्यावर ओवी वाटच बघत होती. ‘बाबा, कितवा आलास?’

‘शेवटून तिसरा.’

‘आणि बक्षीस कुणाला?’

‘कुरोकी-साननाच मिळालं. थीम पार्कची तिकिटं. पण ते जाऊ दे गं, सोळाव्या होलची मजा ऐक.’ आणि या शहाण्याने सगळं रंगवून सांगायला घेतलं. पहिला फटका तळ्यात. परत मारला, परत तळ्यात. नयना वरण ढवळता ढवळता हसत होती. ओवी मात्र बोटांवर मोजत होती.

‘बाबा, तळ्यात पडला की एक दंड, तूच सांगितलेलंस. दोन फटके, दोन दंड, चार. मग वाळूत गेला तो पाच, वाळूतून दोन, सात. मग दोन हळूवाले. नऊ.’ तिने कार्ड ओढलं. ‘इथे सात लिहिलंय.’

‘अगं, घाईत.’

‘नऊ लिहिलं असतं तर एकशे अठ्ठावीस.’ ओवी थांबली. डोळे मोठे. ‘म्हणजे शेवटून दुसरा तू! तिकिटं आपली होती!’

नयनाचा डाव भांड्यात तसाच राहिला.

‘झुरुई,’ ओवी म्हणाली. लबाड. ते तिने बापाला म्हटलं, तिकिटांना नाही. आणि आत जाऊन दार लावलं.

 नयना म्हणाली, ‘उद्या सांगून टाक.’

‘कसं सांगू? खरं सांगितलं तर बूबी मीच. लोक म्हणतील, तिकिटांसाठी खरेपणा सुचला.’

‘आणि नाही सांगितलंस तर?’

‘तर काय, कुणाला कळणार नाही.’

‘एकीला कळलंय ना,’ नयनाने बंद दाराकडे मान केली आणि वरणाला फोडणी दिली.

सोमवारी तो कुरोकी-सानच्या टेबलाशी गेला. कार्ड ठेवलं, मला शेजारी ठेवलं, कमरेत वाकला. ‘सोळाव्या होलला माझे नऊ झाले होते. सात लिहिले. कमी आकड्यावर सही केली की खेळाडू बाद, हाच नियम आहे. मी बाद. म्हणजे बूबी तुम्हीच राहता, तिकिटंही तुमचीच.’ मग घसा साफ केला. ‘आणि आणखी एक. मी ओपन खेळलो नाही. मी शिडीवर चढून पाट्या लावायचो.’

 कुरोकी-साननी ड्रॉवरमधून स्वतःचं कार्ड काढलं, त्यातला कुठला तरी आकडा बराच वेळ न्याहाळला आणि कार्ड गुपचूप परत आत सरकवलं. मी पाहिलं हं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

‘सकाळच्या मीटिंगमध्ये सांगा,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांना.’

सांगितलं. तीस माणसांसमोर, तुटक्या जपानीत, कान लाल करून. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत सुरेश एकटाच डबा खायचा, आणि मला खिशात फार गरम व्हायचं. मग एके दिवशी हिरोसे-सान आपला डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘त्या शिडीबद्दल सांगा ना. किती उंच होती?’

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा ती चार पावलांवरून परत आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. ती वाढवून सांगावी लागली नाही.

थीम पार्कला कुरोकी-सान बायको आणि नातवाला घेऊन गेले. ओवीला त्यांनी फक्त एक कीचेन पाठवलं. ती अजून फुरंगटते.

पण मला मात्र तिने बापाकडून मागून घेतलं. इथे घरोघरी दाराशी भूकंपाची पिशवी असते. पाणी, बिस्किटं, टॉर्च, रेडिओ. शाळेतून ओवीला एक कार्ड मिळालं होतं, त्यात भरायचं नाव, उंची, रक्तगट, फोन, हरवलो तर कुठे भेटायचं. ती जमिनीवर पालथी पडून माझ्याने लिहीत होती. उंचीच्या रकान्यात आली आणि थांबली. आहे एकशे बत्तीस सेंटिमीटर. तिला हवी होती एकशे पस्तीस, म्हणजे वर्गातल्या एका मुलीच्या बरोबरीची. माझं टोक कागदावर टेकलेलं. मी श्वास रोखून. मागे सुरेश उभा, तोही श्वास रोखून.

तिने मान वळवून बापाकडे बघितलं. सुस्कारा टाकला. एकशे बत्तीस लिहिलं. मग कंसात लिहिलं, ‘वाढतेय’.

आता मी या पिशवीत, बिस्किटांच्या पुड्यावर आडवी. मैदान नाही, तंबू नाही, चावायला कुणी नाही. कधीमधी जमीन हलते, रेडिओ माझ्या अंगावर येतो, आम्ही एकमेकांना शिव्या देतो आणि पुन्हा झोपतो. माझं एवढंच म्हणणं आहे, मला बाहेर काढायची वेळ तुमच्यावर कधी येऊ नये. ही पोरगी वाढत राहावी, आणि दर सहा महिन्यांनी बिस्किटं बदलायला नयना पिशवी उघडते ना, तेव्हा कुणीतरी उंचीचा आकडा बदलायला मला दोन मिनिटं हातात घ्यावं. जुना आकडा पुसू नका. नुसती एक रेघ मारा आणि शेजारी नवा लिहा. मला जागा पुरते.