कांदेनवमीचा कुकर

दुर्गाबाई पाटावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि कांदा आपला आपण परतला जात होता.

मी दारातच थांबले. केदारखेड्यात छत्तीस वर्षं मी या बाईच्या भिंतीला भिंत लावून राहते. ती माझी थोरली जाऊ. तिला मी अंगात ताप असताना कांदा परतताना पाहिलंय, दीर वारले त्याच्या पंधराव्या दिवशी परतताना पाहिलंय, पण बसून परतताना कधी पाहिलं नव्हतं. रश्श्याच्या वाटणाचा कांदा म्हणजे उभं राहायचं, उलथनं सोडायचं नाही, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. हा कायदा तिचाच. माझ्या लग्नाच्या वर्षी मी तिचंच रडणारं पोर घ्यायला कढई सोडून गेले, तर तिनं तो कांदा उकिरड्यावर ओतला आणि मला नव्यानं कांदे चिरायला बसवलं. पोर तोवर रडून झोपलं.

आणि आता समोर भाताचा विजेचा कुकर, झाकण लावलेला. आत चरचर चालू. उलथनं खुंटीला.

"बाई, हे काय?"

"कांदा."

"त्याला हलवणार कोण?"

"कशाला हलवायचा? त्याला कळतंय. झालं की टक करतो."

मी झाकणाकडं पाहत राहिले. हा कुकर दिवाळीत तिच्या मुलाला, भागवतला, पुण्याच्या कंपनीत भेट मिळालेला. आमच्याकडं ज्वारीची भाकर; भात पाहुणा आला तर, आणि तोही पातेल्यात. त्यामुळं कुकर फळीवरच राहणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. तो खाली आला, आणि भात सोडून कांद्याला लागला, हे मात्र माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. त्याच्या बटनावर कुणीतरी मखमली टिकली चिकटवली होती, तपकिरी, चांगली मोठी. म्हणजे कुकरचे लाडसुद्धा चालले होते.

तीस वर्षं अंगणवाडीत मी पोरांची वजनं करून रजिस्टरात चढवली. निवृत्त झाल्यावर रजिस्टर परत केलं, सवय कुठं परत करणार? आता डोक्यातच एक रजिस्टर आहे आणि त्यात दुर्गाबाईचं पान सगळ्यात भरलेलं. गेल्या वर्षभरातल्याच नोंदी बघा. देवळाच्या पायरीवर मी हात केला, तिनं बघूनही न बघितल्यासारखं केलं: गर्व. माझी वाटी परत पाठवली ती दुसऱ्याच कुणाची: बेफिकिरी. पुतणीच्या लग्नात लुगडं उलटं नेसून आली, मी सांगितलं तर म्हणाली, "उलटंच नेसायचं होतं": हट्ट. ज्वारी निवडणं सोडलं: आळस. त्याच रकान्यात मी कुकर चढवला आणि घरी आले.

तिथंच ठेवला असता तर बरं झालं असतं.

भागवत दर रविवारी मला फोन करतो. आईला विचारलं की ती "बरी हाय" एवढंच म्हणते, म्हणून खरी खबर माझ्याकडं. मी त्याला हसत हसत सांगितलं, तुझी आई आता कांदा कुकरला लावून पाटलिणीसारखी बसती म्हणून. मला वाटलं, तोही हसेल.

"म्हणजे तिला उभं राहवत न्हाई आता," तो म्हणाला.

"तसं कुठं म्हनले मी?"

"काकू, माझं आन तिचं ठरलेलं हाय. जमतंय तोवर तिनं गावात राहायचं. ज्या दिवशी जमणार न्हाई, त्या दिवशी घराला कुलूप आन तिनं पुण्याला यायचं. कांदेनवमीला येऊन राह्यलोच मी. बघतो."

पुण्याचा तो पाचवा मजला दुर्गाबाईनं एकदा महिनाभर पाहिला होता. परत आली तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "तीस दिवसांत मला तिथं बाहेरच्या एकानं नावानं हाक मारली न्हाई." तिला दुसऱ्यांदा तिथं नेण्याचं काम माझ्या जिभेनं अर्धं करून ठेवलं होतं.

आमच्या भावकीत एकादशीपासून कांदा बंद, तो थेट दिवाळी उलटेपर्यंत. म्हणून आषाढातली नवमी कांद्याची. त्या दिवशी सगळी भावकी दुर्गाबाईच्या ओसरीवर जेवते: भजी, पीठ पेरलेला कांदा, भाकरी, आणि तिचा काळ्या मसाल्याचा रस्सा. बाकी सगळं कुणीही करतं. रस्सा तीच.

भागवत नवमीच्या सकाळी आला, सोबत सून अर्पिता. मी बॅगा मोजल्या. दोन दिवसांसाठी येणारं जोडपं एक बॅग आणतं. यांनी तीन आणल्या, त्यातल्या दोन रिकाम्या. भागवतनं त्या आईच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवल्या.

मी डोकं चालवलं. भागवतला आई उभी दिसली पाहिजे, एका हातात उलथनं, दुसरा कमरेवर, नेहमीसारखी. दिसली की बॅगा रिकाम्याच जातील. आणि ती उभी राहायची तर कुकर बंद पडला पाहिजे. ओसरीवर भावकीतल्या पुंजाराम भाऊजींच्या गप्पा रंगल्या होत्या, अर्पिता अंगणात भज्यांच्या चुलीशी होती. मी चपला काढल्या, अनवाणी स्वयंपाकघरात शिरले आणि बोर्डातून कुकरची पिन हळूच ओढली.

चरचर हळूहळू बसली. कुकरचा लाल दिवा विझला.

दुर्गाबाई पाटावर, कुकरपासून हातभर अंतरावर. मी तिच्या समोर, हातात पिन. आता ती चिडणार, मला शिव्या घालणार आणि कढई काढणार, असं धरून मी हसायच्या तयारीत उभी होते. तिचं तोंड सरळ माझ्याकडं होतं.



मी पिन हलवली. तिच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर. मग मी जीभ काढून दाखवली, नवी नवरी असताना तिच्या पाठीमागं दाखवायचे तशी. तिची पापणीही हलली नाही. मी जीभ आत घेतली.

तिनं मान कुकरकडं कलती केली, ऐकायला. मग हात पुढं केला. झाकणाला लागला, तिथून मागं, वायरीवर. दोन बोटांत वायर धरून ती सरकत सरकत आली, फरशीवरून, भिंतीकडून, वर. वायरीच्या टोकाला माझी मूठ होती. तिची बोटं माझ्या मुठीवर आली आणि थांबली. करंगळी चाचपली.

"गोजर," ती म्हणाली. "तुझं हे बोट अजून वाकडंच हाय."

"बाई, तुम्हाला दिसत न्हाई."

"हळू बोल."

"कधीपासून?"

"उजवा दिवाळीच्या आधीच गेला. डावा अंगणात उजेडाला जरा चालतो, घरात न्हाई. काचबिंदू म्हणतेत. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेलं येत न्हाई, राह्यलेलं टिकवायला थेंब. टाकते रोज. मोजून टाकते, तुझ्यासारखं."

"जालन्याला कुणासंगं गेल्त्या?"

"गेल्ते कुणासंगं तरी."

"भागवतला..."

"त्याला कळलं की उद्या कुलूप. या घरात मला डोळे लागत न्हाईत, गोजर. उंबरा कुठं हाय, मिठाचा डबा कुठं हाय, तू कोणता पाय घासून चालती, सगळं माहीत हाय. त्याच्याकडं मी खरी आंधळी होईन." तिनं माझी मूठ सोडली. "एक कांद्याचा रंग तेवढा हाताला लागत न्हाई. त्याच्यासाठी हा कुकर. पहिल्या टकला पाणी आटतं, दुसऱ्याला कांदा मऊ पडतो, तिसऱ्याला गुलाबी, चौथ्याला बदामी. दर टकला जरा निवू द्यायचं आन परत बटन दाबायचं. तीन झालेत. पिन लाव."

मी पिन लावली. दोनदा भोक चुकलं. आंधळी कोण, असा प्रश्न बघणाऱ्याला पडला असता.

पुन्हा चरचर सुरू झाली आणि मी रजिस्टरचं ते पान उलटसुलट करत बसले. देवळाची पायरी, वाटी, लुगडं, ज्वारी. एकेक नोंद उचलायची आणि दुसऱ्या रकान्यात न्यायची. तीस वर्षं मी पोरांच्या डोळ्यांपुढं बोटं धरून "किती?" विचारलं, कमी दिसणारं पोर एका मिनिटात ओळखलं, आणि भिंतीपलीकडची माझी जाऊ माझ्यादेखत वर्षभरात विझत गेली, तर मी तिथं गर्व लिहिला.

"काय करून राह्यल्या दोघी?"

भागवत दारात. त्याच्या मागं पुंजाराम भाऊजी, भज्याची वाटी घेऊन. भागवतनं कुकर पाहिला, पाटावरची आई पाहिली, आणि त्याचं ठरल्याचं चेहऱ्यावर दिसलं.

"आई, उभं राहवत न्हाई ना तुला?"

दुर्गाबाईनं आवाजाकडं तोंड वळवलं. तेवढ्यात मी मध्ये गेले.

"तिला काय झालंय? ती डोंगर चढंल. कुकर माझ्यासाठी लावलाय. आज रश्श्याचा कांदा माझ्याकडं हाय, आन माझ्या गुडघ्यांनी काम सोडलं. ही बसलीय माझ्यावर पहारा द्यायला."

"फोनवर तर तुम्ही आईचं म्हणल्या."

"माझं कोणत्या तोंडानं सांगू? तिचं नाव घेऊन सांगितलं."

भागवतनं माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. खोटं बोलणारं पोर मी हजारदा पकडलंय, पण पकडलं जाणारं पोर कसं उभं राहतं ते मला त्या दिवशी समजलं. सुटका केली ती पुंजाराम भाऊजींनी.

"ऐका," ते भजं चावत म्हणाले. "तीस वरसं पोरांना 'उभे राहा रे' म्हननारी बाई आता बसून कांदा परतती. लिहून ठेवा कुठंतरी."

ओसरीवरून कुणीतरी हसलं. दिवेलागणीपर्यंत हे गावभर होणार होतं. होऊ दे म्हटलं.

भागवतचं समाधान मात्र झालं नव्हतं. "आई, काढ बरं झाकण. बघ कसा झालाय."

कुकरनं टक केला. चौथा.

दुर्गाबाईनं झाकणाला हात लावला नाही. नाकानं एक श्वास घेतला. "बदामी," ती म्हणाली. "कडेला एखादी पाकळी जास्त. गोजरचा हात कच्चा हाय." मग झाकण उचलून भागवतकडं धरलं.

त्यानं वाकून पाहिलं. मीही पाहिलं. बदामी, आणि कडेला दोन पाकळ्या काळपट. 

बावीस माणसं जेवली. रस्सा दोनदा फिरला. भागवतनं दुसरी वाटी रिकामी करून सांगितलं, "काकू, आईच्या बराबरीला आलात." मी ज्या स्तुतीसाठी छत्तीस वर्षं भिंतीपलीकडं घाम गाळला, ती मिळाली तेव्हा दुसऱ्याची होती. दुर्गाबाई भाकरी मोडत शांतपणे म्हणाली, "बरा झालाय. अजून शिकंल."

दुसऱ्या दिवशी भागवतनं रिकाम्या बॅगा भरल्या. एकीत ज्वारी, दुसरीत घरचे कांदे. पुण्यात चातुर्मास पाळत नाहीत. कुलूप कपाटातच राहिलं. जाताना त्यानं मला बजावलं, गुडघे दाखवून घ्या म्हणून, आणि मी हो म्हणत जरा लंगडूनही दाखवलं.

गाडीत बसायच्या आधी अर्पिता माझ्या पाया पडायला आली. वाकली, उठली, आणि माझ्या हातात टिकल्यांचं पाकीट ठेवलं. मी म्हणाले, "अगं, मला म्हातारीला एवढी मोठी टिकली कशाला?" मग तिच्या कपाळाकडं पाहिलं. तपकिरी, मखमली, चांगली मोठी.

"तेलानं निघती ती, काकू," ती हळू आवाजात म्हणाली, भागवत डिकी लावत होता तेवढ्यात. "मंग बोटाला बटन घावत न्हाई. पंधरा दिवसाला बदलावी लागती. डोळ्याचे थेंब संपत आले की मला सांगत जा."

 या पोरीच्या पानावर मी लग्नापासून एकच शब्द लिहून ठेवला होता: शहरी.

गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. दुर्गाबाई अंगणात उभी, हात हलवत होती, पण गाडी वळली त्या जागेच्या जरा उजवीकडं. मी जाऊन तिचा हात बरोबर वळवला.

घरी येऊन पाकीट फोडलं आणि मोजल्या. चोवीस. पंधरा दिवसाला एक धरली तर बरोबर पुढच्या कांदेनवमीपर्यंत.