टाळलेला मुक्काम

मोठ्याबाईंपुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे, तिथे भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरची काय शिजणार!

"मधल्या तळावर एक दिवस थांबावंच लागतं, मावशी. शरीराला उंचीची सवय व्हावी लागते," तो म्हणाला.

"सवय घरूनच लावून आलेय. रोज पाच जिने चढते मी. तू गाडी काढ."

मुलाला रजा मिळाली नव्हती, म्हणून सोबतीला धाकटी सून होती. ती कालपासून डोकं धरून बसलेली. मोठ्याबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचं डोकं मुहूर्त बघूनच दुखतं."

बारा वर्षं ही यात्रा ठरत होती आणि मोडत होती. कधी कुणाचं बाळंतपण, कधी कुणाचं आजारपण. आता समोर, बर्फाच्या कडेला, देवस्थानाचा कळस दिसत होता. उरला होता पाऊण तासाचा रस्ता.

एका वळणावर धाकटीला ओकारी झाली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. ती उतरली ती दार धरून उभीच राहिली.

"वहिनी, तोल बघू द्या," ड्रायव्हर म्हणाला. "दहा पावलं सरळ चाला बघू. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून."

"भर रस्त्यात हा काय तमाशा?" मोठ्याबाई आतून कडाडल्या.

धाकटीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला कडेच्या दगडांवर कोसळली. दोन भरल्या बादल्या घेऊन जिना चढताना थेंब न सांडणारी बाई ती!

मोठ्याबाई तरातरा उतरल्या. "ऊठ गं. पुरे झाली सोंगं." त्यांनी दंडाला धरून तिला बसवलं. धाकटीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी आदबीने विचारलं, "आजी, तुम्ही कुणाकडच्या?"

मोठ्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षं एका घरात काढलेली सून! आता हसेल, मग हसेल, म्हणून त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उलट टोमणा मारला तरी चालेल, पण हसू दे. ती हसली नाही. स्वतःच्याच बोटांकडे बघत बसली, जणू कुणी विसरून गेलेली वस्तू.

"मेंदूला सूज येते अशाने," ड्रायव्हर म्हणाला. "लगेच खाली नेलं तर वाचतात. नाहीतर..."

"नाहीतरचं सांगू नकोस. गाडी फिरव."

कळसाकडे त्यांनी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि गाडीत बसल्या.

उतरताना सुनेचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. "मी कोण?" त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. "बाई," धाकटी पुटपुटली. नुसतं बाई. तिसऱ्यांदा विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

खालच्या तळावरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, सुई दिली. "डोकं कधीपासून दुखत होतं?"

"कालपासून."

"मग वर कशाला नेलंत?"

मोठ्याबाईंच्या जिभेवर कायम दोन उत्तरं तयार असत. आज त्या नुसत्या सुनेच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिल्या.

दुपारी धाकटीने डोळे उघडले, मोठ्याबाईंकडे पाहिलं आणि "आई" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली: धोका टळला. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, झालं का दर्शन?"

"नाही झालं. आधी ऐक, तुझी बायको वाचलीय." त्यांचा आवाज फाटला. "ड्रायव्हर थांबा म्हणत होता. हिचं डोकं दुखत होतं. मी ऐकलं नाही. मीच तिला मरणाच्या दारात नेलं."

आता मुलगा काय बोलेल ते ऐकून घ्यायला मोठ्याबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या.