दोन कुलपांची पेटी

"आरं निताई, हाताला काय रोग झालाय का तुझ्या? समदी फुलं खुडल्यावर भोपळा काय माझ्या टकुऱ्याला धरंल?"

तळ्याकाठच्या वाफ्यात मनोहरतात्या कमरेवर हात देऊन उभे होते. समोर निताई ओंजळभर पिवळीधमक फुलं घेऊन हसत होता. बंगाली माणूस भोपळ्याची फुलं बेसनात घोळून तळतो. तात्यांच्या लेखी हे पेरायचं बियाणं भाजून खाण्यासारखं.

"भाजा खाबेन, दादा?"

"खातो की. न्हाई कोन म्हनतंय? पर ही रीत न्हवं!"

तात्यांना बंगाली येत नव्हतं, निताईला मराठी. तीन वर्षं रोज सकाळी भांडण मात्र बिनचूक चालायचं. मुलगा शरद बँकेत. त्याची कोलकात्याला बदली झाली तेव्हा त्यानं सामानाबरोबर बापालाही कऱ्हाडकडच्या गावातून उचलून डमडमला आणलं होतं. फ्लॅटमध्ये फ्रीजला जागा ठरलेली होती, तात्यांना नव्हती. अख्ख्या वस्तीत त्यांच्याशी भांडायला फुरसत असलेला माणूस एकच, निताई.

भांडताना निताई मधूनच छातीवर मूठ चोळायचा. म्हणायचा, "ग्यास, दादा. ग्यास."

त्याच पावसाळ्यात मराठी मंडळानं आणि गल्लीतल्या क्लबानं मिळून हृदयाचं आरोग्य सुधारायचं काम हाती घेतलं. एका इस्पितळानं थांबलेल्या काळजाला झटका देऊन चालू करणारं यंत्र दिलं. उद्घाटनाला क्लबाचे आलू-चॉप आणि मंडळाचे साबुदाणावडे होते. तेलाच्या बाबतीत दोन्ही पक्ष तुल्यबळ होते. रबरी बाहुलीची छाती कशी दाबायची तेही सगळ्यांना शिकवलं. निताईला डॉक्टरांनी तपासणीला ये म्हणून बजावलं. तो ग्यासची गोळी घेऊन घरी गेला.

यंत्र क्लबाच्या भिंतीवर पेटीत ठेवायचं ठरलं आणि तंटा उभा राहिला.

"त्यांच्याकडे राहिलं तर पूजेच्या मांडवात नेऊन ठेवतील शोभेला," मंडळाच्या अध्यक्ष शोभाताई हळूच म्हणाल्या.

"मंडळाला किल्ली दिली तर यंत्र गणपतीत त्यांच्या आरतीला दिसेल," क्लबाचा सेक्रेटरी बापीदा हिंदीत, आणि मोठ्यानं.

मागच्या खुर्चीवरून तात्या उठले. "माझी न् माझ्या भावाची गावाकडं सामाईक इहीर हाय. मोटरीच्या खोलीला दोन कुलपं. एक किल्ली त्येच्याकडं, एक माझ्याकडं. धा वर्सं झाली, भांडान म्हनून न्हाई."

शरदनं मान खाली घालून त्याचं हिंदी केलं. टाळ्या पडल्या. कोलकात्यात तात्यांचं कुणी ऐकून घेण्याची ही पहिलीच वेळ. मंडळाचं कुलूप त्यांनी स्वतः पारखून आणलं. सात लिव्हरचं, पितळी. दुकानदारानं दिलेलं पहिलं त्यांनी हलकं म्हणून परत केलं होतं.

भाद्रपदातली सकाळ. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटलेली, तळ्याचं पाणीसुद्धा घामेजल्यासारखं. निताई वेलाला काठी देत होता. "ग्यास," म्हणाला, खाली बसला आणि फुलांवरच आडवा झाला.

"निताई! आरं ऊठ लेका, सोंगं करू नगं!"

आरडाओरडा ऐकून बापीदा धावत आला. बाहुलीवर शिकल्याप्रमाणे तो छाती दाबू लागला आणि त्यानं कमरेची किल्ली तात्यांकडे फेकली. बहात्तराव्या वर्षी तात्या पळाले. पहिलं कुलूप लगेच उघडलं. दुसऱ्यासाठी त्यांनी शोभाताईंना फोन लावला.

"किल्ली ना? पर्समध्येच आहे तात्या, अगदी सुरक्षित. मी सॉल्ट लेकला आलेय, आपल्या हृदयाच्याच मीटिंगला."

"शोभाताई, मानूस मरतोय!"

"अगंबाई! तोडा, तोडा ते!"

तात्यांनी वाफ्यातली कुदळ आणली. पारखून घेतलेलं कुलूप हूं की चूं करेना. कितव्या तरी घावाला लाकडातून कोयंडाच उपटून आला; कुलूप शाबूत.

यंत्र उत्तम चालू होतं. निताईच्या छातीला पट्ट्या चिकटवल्यावर ते इंग्रजीत बोललं. बापीदाचा चेहरा उजळला. "म्हणतंय, झटक्याची गरज नाही!"

तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण निताईच्या नाकाशी आलेली मुंगी तो हाकलत नव्हता, ते त्यांना कळलं.

वेलाला पाच भोपळे धरले, तेव्हा शोकसभा झाली. फुलं खुडणारं आता कुणी नव्हतं. सभेत लाकडी पेटी कमजोर होती असं निष्पन्न झालं. नवी लोखंडी करायची ठरली. भागीदार म्हणून इस्पितळालाही किल्ली हवी होती, तेव्हा कुलपं तीन.

"तात्या, कुलूप तुम्हीच आणा," शोभाताई मायेनं म्हणाल्या. "तुमचं तेवढं टिकलं."

बापीदानं विचारलं, गावची विहीर अजून तशीच चालू आहे ना?

तात्या उभे राहिले. हाताला कुदळीच्या फोडांचे वण होते.

"कुलपं दोनीबी हाईत. धा वर्सांत आमी दोगं येका येळंला तिथं कवाच गेलो न्हाई. मोटर आत गंजून मेली, रान पडीक ऱ्हायलं. म्हनून तर भांडान न्हाई."

क्लबवाले शरदकडे बघू लागले; मंडळवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"हो म्हणतायत," शरद हिंदीत म्हणाला. "अजून तशीच आहे."

ठराव एकमतानं मंजूर झाला.