चौथा बोर्ड

ताईला रडू येत नव्हतं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. धाकटा भाऊ गेला त्या दिवशी आलं नाही, घर माणसांनी भरलं तेव्हा आलं नाही, आणि माणसं आपापल्या घरी परतली तेव्हाही नाही. सुरुवातीला लोक म्हणाले, धीराची आहे हो पोरगी. मग म्हणाले, आतल्या आत कुढतेय. मग लोकांनाही आपापली कामं होती. ताई बस डेपोत मेकॅनिक. रजा संपल्यावर ती कामावर गेली, बसखालच्या खड्ड्यात उतरली आणि ब्रेक खोलायला घेतले. हात नेहमीसारखे चालत होते. बाकीच्या अंगाचं मात्र, दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गालाचं होतं तसं झालं होतं. आपलाच आहे हे कळतं, पण चावला तरी दुखत नाही.

अशात एका रविवारी भावाचे तीन मित्र घरी आले. त्यांची खरी नावं त्यांच्या आईबापांनाही आठवत असतील की नाही, शंकाच आहे. एक बांबू, दारातून आत येताना वाकणारा. दुसरा वकील, ज्याने कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण समोरचा 'हो' म्हणाला तरी त्याच्याशी वाद घालायचा. तिसरी चिमणी, आणि तिचा आवाज इतका दणदणीत, की नाव ठेवणाऱ्याने सूड उगवला असावा.

"ताई, आम्ही निघतोय," चिमणी म्हणाली. "त्याने ठरवलं होतं तसंच. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. गाडी चालवायला कोणीतरी हवंय."

त्याने काय ठरवलं होतं, हे ताईला कोणी सांगायची गरज नव्हती. हॉस्पिटलात तो खाटेवर आणि आई नि ताई बाहेरच्या बाकावर, असे कितीतरी दिवस गेले होते. त्या बाकाला मधोमध लोखंडी दांडा होता, कोणी आडवं होऊ नये म्हणून. ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्याला एकदा त्याच बाकावर झोपवायला हवं होतं. भावाने तो दांडा पाहिला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. बरं झाल्यावर अख्खा देश स्केटबोर्डवर पार करायचा, गावोगावी थांबून मदत मागायची आणि हॉस्पिटलसमोर पेशंटच्या माणसांना झोपायला एक घर उभारायचं. फार काही नको, पाय पसरता आले म्हणजे झालं. सलाइन लावलेल्या हाताने तो हवेत त्या घराच्या खिडक्या काढून दाखवायचा.

"मी चालवते," ताई म्हणाली. कोणी पाणी मागावं आणि तिने द्यावं, इतक्या सहज.

आई उठली, दाराआड भिंतीला टेकवून ठेवलेला भावाचा बोर्ड घेऊन आली आणि तिने तो ताईच्या मांडीवर ठेवला.

"हाही जाऊ दे. त्याची सफर राहिली, याची तरी होऊ दे. पण जसा आहे तसाच आण बाई. मी तिकडे किनाऱ्यावर येईन. माझ्या हातात दे."

जसा आहे तसा म्हणजे काय, हे फक्त या घराला कळलं असतं. त्या बोर्डाच्या बेअरिंगमध्ये वाळू गेली होती, त्यामुळे तो खरखर वाजायचा. गल्लीच्या तोंडाशी ती खरखर ऐकू आली की आई गॅसवर चहा ठेवायची, आणि दार उघडेपर्यंत तो उकळलेला असायचा. बोर्डावरच्या काळ्या खरखरीत कागदावर त्याच्या बुटाचा ठसा उमटला होता, मागच्या स्क्रूंजवळ, जरा तिरका. आणि चाकं एका बाजूने झिजलेली, कारण साहेबांना वळायचं एकाच बाजूला माहीत. ताईला हे सगळं बघवायचं नाही, म्हणजे मेकॅनिक म्हणून. पण खाटेवरून तो म्हणाला होता, "ताई, बेअरिंग साफ करून ठेव ना," तेव्हा तिने साफ नकार दिला होता. "तू घरी ये, मग करते. आधी नाही." तो हसला होता. "लाच मागतेस होय?" "हो," ती म्हणाली होती. एक काम मुद्दाम अर्धं ठेवलं, तर ते पुरं करून घ्यायला माणसाला यावं लागेल, असा तिचा हिशेब होता.

आणि मग ते निघाले.

प्रवासाबद्दल बोलायचं तर बघणाऱ्याला तो फार मोठा वाटायचा. प्रत्यक्षात तो म्हणजे रस्त्याची कड, मागून येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न आणि खरचटलेलं ढुंगण. तिघं एकामागोमाग बोर्डावरून जायचे आणि ताई पिवळा दिवा लावून त्यांच्या मागे व्हॅन सरकवायची, कासवाला लाज वाटेल अशा वेगाने. भावाचा बोर्ड तिच्या सीटच्या मागे, टॉवेलात गुंडाळून हुकाला टांगलेला. खड्डा आला की त्याची चाकं आपोआप फिरायची आणि खरखर व्हायची. ताई ती ऐकायची. तिला काही वाटायचं नाही, पण ती ऐकायची.

बुटांची वेगळीच गंमत. स्केटबोर्डवाल्याचा एकच बूट झिजतो, ज्या पायाने तो रस्ता मागे ढकलतो तो. वकिलाचा उजवा झिजायचा आणि भावाचा डावा. दोघांचं माप एक. त्यामुळे इतकी वर्षं ते बुटांची अदलाबदल करायचे आणि वकील त्याला 'परस्पर सामंजस्य करार' म्हणायचा. आता वकिलाचे उजवे बूट फाटत होते आणि डावे कोरे करकरीत व्हॅनमध्ये साठत होते. "टाकून दे की," बांबू एकदा म्हणाला. वकिलाने, पहिल्यांदाच आयुष्यात, वाद घातला नाही. बूटही टाकले नाहीत.

गावं यायची, जायची. कुठे शाळेच्या हॉलमध्ये झोपायचं, कुठे पेट्रोल पंपाच्या मागे. चिमणी चौकात उभी राहून त्या बाकाच्या दांड्याची गोष्ट सांगायची आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. ताई व्हॅनला टेकून ऐकायची. ही कोणाची गोष्ट सांगतेय, असं तिला वाटायचं. एकदा एका बाईने तिलाच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हो त्या मुलाला?" "हो, थोडंफार," ताई म्हणाली आणि टायरची हवा बघायला गेली.

संध्याकाळ मात्र तिची असायची. पोरं मुक्कामाला पोचली की बोर्ड व्हॅनच्या मागे ओळीने उलटे ठेवायची आणि अंग धुवायला पळायची. ताई सतरंजी अंथरून बसायची. चाकं काढायची, बेअरिंग रॉकेलच्या डब्यात टाकायची, झिजलेली बाजू आत नि आतली बाहेर करून चाकं बसवायची, नट आवळायचे, वरच्या कागदावर ब्रश मारायचा, पुढचा बोर्ड घ्यायचा. डेपोतही असंच. जी गाडी ओळीत उभी आहे ती करायची, ती कोणाची हे विचारायचं नाही. दिवसभरात तेवढा वेळ तिला बरा वाटायचा. खरं तर बराही नाही, काहीच वाटायचं नाही, पण ते काहीच न वाटणं हक्काचं वाटायचं.

समुद्र दोन मुक्कामांवर आला तेव्हाची गोष्ट. दुपारी एका शाळेतल्या मुलांनी हट्ट धरला म्हणून चिमणीने भावाचा बोर्ड खाली काढून त्यांना दाखवला होता. निघायच्या घाईत तो तिने इतर बोर्डांबरोबरच व्हॅनमध्ये टाकला. संध्याकाळी बांबूने एका हाताने सगळे बोर्ड उचलून बाहेर काढले आणि सवयीप्रमाणे ओळीत उलटे मांडले. ताई सतरंजीवर बसली. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. हाताने चौथा घेतला.

फडक्याला हात पुसताना तिने ओळीकडे पाहिलं. चार बोर्ड. चारही लखलखीत.

तिने चौथा सुलटा केला. कागद काळाभोर, कोरा. ठसा कुठेच नव्हता. तिने चाकाला बोट लावलं. चाक फिरलं, गुळगुळीत, बिनआवाज, फिरतच राहिलं. डब्यातल्या रॉकेलच्या तळाशी चिमूटभर वाळू बसली होती. भाऊ कुठल्या रस्त्यावरून ती घेऊन आला होता, देव जाणे. आता आपल्याला काहीतरी होईल, म्हणून ताई तशीच थांबली. काही झालं नाही. मग तिने पाने गोळा करून हत्यारांच्या पेटीत ठेवले.

पोरं डोकी पुसत आली आणि एकेक करून ओळीपाशी थबकली.

"मीच मांडला गं ओळीत," बांबू खाली बसला. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

"मी हुकाला परत लावला नाही," चिमणी म्हणाली, आणि तिचा आवाज प्रथमच चिमणीएवढा आला.

"दोष कोणाचा हा मुद्दाच नाही," वकील म्हणाला. "मुद्दा काकूंचा आहे. वाळू आहेच की डब्यात. ती परत भरू. खरखरेल. आणि ठसा, माझं माप तेच आहे. मी उभा राहतो त्याच्यावर, घासतो जरा. काकूंना कळणारही नाही."

तो खरंच बूट घालून आला. डावा, कोरा करकरीत. बोर्डापाशी उभा राहिला आणि पाय उचलेना. मग खाली बसला आणि त्या बुटाची नाडी सोडत ढसाढसा रडला. चिमणी रडली. बांबूने तर टॉवेलच तोंडावर घेतला. ताईने तिघांना चहा करून दिला.

"आईला मी सांगेन," ती म्हणाली. "प्या. गार होतोय."

पुढचे दोन दिवस व्हॅनमध्ये शांतता होती. खड्डे तेच होते, पण सीटच्या मागे काही वाजत नव्हतं. ताईने रेडिओ लावला, मग बंद केला. आईला काय सांगायचं, याचा विचार करायला हवा होता, पण विचार समोर येऊन नुसता उभा राहायचा. आईने एकच गोष्ट मागितली होती. तीही धड आणता आली नाही.

किनाऱ्यावर माणसं जमली होती. कोणीतरी फलक धरला होता, कोणी टाळ्या वाजवल्या, तिघं मित्र बुटांसकट पाण्यात शिरले आणि चिमणीने अशी आरोळी ठोकली की पक्षी उडाले. आई गर्दीत नव्हती. ती लांब, बंधाऱ्याच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, बसस्टॉपवर बसल्यासारखी. ताईने टॉवेल सोडला आणि बोर्ड तिच्या हातात दिला.

आईने तो उलटा करून मांडीवर घेतला. एका चाकाला बोट लावलं आणि कान जवळ नेला. चाक फिरत राहिलं. तिने दुसरं फिरवलं. मग तिसरं.

"वाजत नाही गं."

"साफ केलं मी," ताई म्हणाली. "चुकून. हातासरशी होऊन गेलं. ठसाही गेला, आई. मला कळलंच नाही मी काय करतेय ते."

आईने बोर्ड सुलटा केला आणि जिथे ठसा होता तिथे तळवा ठेवला. ताईला वाटलं, आता ही बोलेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू तर म्हणाली होतीस, तो घरी आला की करीन."

"हो."

"हं," आई म्हणाली. तिने पाण्यात नाचणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "बरं झालं. कधीतरी कोणीतरी करायलाच हवं होतं. मी रोज संध्याकाळी चहाचं पाणी ठेवते अजून. खरखर होत नाही, मग ओतून देते." तिने पर्सचा बंद नीट केला. "त्याच्या उशीचा अभ्रा पण तसाच आहे. धुववत नाही. वास जाईल. घरी गेलो की तोही तूच काढ बाई. तुझ्या हातांनी होतं."

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं होतं, नेहमीसारखं. हो म्हणायला तिने तोंड उघडलं. पाणी मागितलं तर द्यावं, गाडी चालव म्हटलं तर चालवावी, तसं ते सहज 'हो' यायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही गं आई. अभ्रा नको. ते नको सांगूस मला."

आणि ती पायरीवरच बसली, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून, आणि इतक्या मोठ्याने रडली की पाण्यातली पोरं नाचायची थांबली. आईने बोर्ड बाजूला ठेवला.

"बरं," आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "नको धुऊ. राहू दे."