नकाशात न सापडलेला बाक

मित्रांनो, बसथांब्याशेजारी उभा आहे ना, तो पत्र्याचा जुना नकाशा म्हणजे मी. कुणी माझ्यासमोर थांबलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझी सुरुवात याच चौकात झाली. एका चित्रकार ताईंनी इथे लांबलचक टेबल मांडलं, त्यावर कोरा कागद पसरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती खडू दिले. "तुमची वस्ती तुम्हीच काढा," त्या म्हणाल्या. चौकातल्या कुलूपवाल्या काकांनी गार पाण्याचा नळ काढला. चढावर राहणाऱ्या आजींनी बाक काढला. "इथे मी दम खाते," त्या लाजत म्हणाल्या. "याच्याशिवाय घर गाठणं होत नाही."

त्या चित्रांवरून ताईंनी मला घडवलं. फिकट राखाडी रंग, केसासारख्या रेषा, मुंगीएवढी अक्षरं! बक्षीस मिळालं, फोटो निघाले. मी हुरळून गेलो.

एका सकाळी ताई पाहुण्यांना मला दाखवत होत्या. तेवढ्यात आजी सुनेला घेऊन आल्या.

"अगं, माझा बाक कुठे आहे बघ."

सुनेनं डोळे बारीक करून माझ्यावरून बोट फिरवलं. "दिसत नाही हो, आई."

आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "असू दे. मलाच नीट काढता आला नसेल."

मित्रांनो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मांडणीत खुपतात म्हणून आजींचा बाक आणि काकांचा नळ ताईंनीच वगळले होते. त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्या रंग घेऊन एकट्याच आल्या आणि आजींना बोलावून म्हणाल्या, "आजी, चूक माझी होती. कुठे काढू, सांगा."

"आता कशाला गं? चांगलं चित्र बिघडेल."

"बिघडू दे."

आजींचं बोट माझ्यावर टेकलं. तिथे ताईंनी ठसठशीत लाल बाक काढला. आजी खुदकन हसल्या.

मग नळ कुठे काढायचा ते विचारायला ताई काकांकडे गेल्या. "मला काम आहे," एवढंच बोलून काकांनी पाठ फिरवली. नळाची जागा अजून कोरीच आहे.

मित्रांनो, चारचौघांसाठी काही कराल तेव्हा ते त्यांच्या उपयोगी पडतंय का, हे त्यांनाच विचारा. परवा एक तहानलेला प्रवासी बराच वेळ माझ्यावर नळ शोधत होता. शेवटी काका हातातलं कुलूप ठेवून उठले आणि माझ्यासमोरूनच त्याला नळाकडे घेऊन गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.