डोळे बांधून घेतलेली परीक्षा

माझे बाबा गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेतात, आणि मला ज्याच्याशी लग्न करायचंय त्याला त्यांनी तीनदा नापास केलंय. तो बेकरीवाला आहे. पहिल्या परीक्षेला त्याच्या बाहीला पीठ लागलं होतं. तेव्हापासून बाबांच्या मते तो गबाळा, आणि गबाळ्याला गाडी येणं शक्यच नाही.

"ज्याला गाडी नीट मागे घेता येत नाही, तो संसार काय करणार?" बाबा म्हणाले. लग्नाचा विषय तिथेच संपला.

माझं डोकंच फिरलं. त्यात बाबांच्या ऑफिसात नुकतंच एक शिबिर झालेलं, निर्णय घेताना आपलं मन आपल्याला कसं फसवतं यावर. तेव्हापासून ते उठता-बसता सगळ्यांच्या मनातल्या चुका काढत होते. स्वतःचं मन तेवढं सोवळं. म्हटलं, थांबा, तुमचंच औषध तुम्हाला पाजते.

शिबिरातलाच प्रयोग म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले. रविवारी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात बाबांना डोळे बांधून मागच्या सीटवर बसवलं. एकदा बेकरीवाला गाडी चालवणार, एकदा बाबांच्या हाताखालचा लाडका परीक्षक. कोण कधी, ते सांगायचं नाही. बोलायचंही नाही. मी कागद घेऊन बाबांशेजारी बसले.

पहिल्या फेरीत बाबांचं कपाळ दोनदा पुढच्या सीटवर आपटलं. "हा तुझा पाववाला," ते खुशीत म्हणाले. "लिही, दहापैकी दोन."

दुसऱ्या फेरीत गाडी अलगद मागे गेली आणि जागेवर थांबली. "याला म्हणतात हात. नऊ लिही. शेवटी शिकवलंय कोणी?"

मी बाबांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. स्टिअरिंगवर बेकरीवाला होता. लाडके परीक्षक मैदानाच्या कडेला वाकून, बुटाच्या न सुटलेल्या नाड्या बांधत होते.

"पहिल्या वेळी इंजिन गार होतं," बाबा म्हणाले. "आणि गाडी येते म्हणून संसार येतो, असं थोडंच आहे?"

"गाडीवरून संसार तुम्हीच जोखला होतात," मी म्हणाले.

बाबांनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला, कपाळ चोळलं. मग बेकरीवाल्याला म्हणाले, "उद्या परीक्षेला या. पण माझ्याकडे नको, दुसऱ्या परीक्षकाकडे जा."

मला रडूच आलं. "बाबा, अजूनही?"

"अगं, कालपर्यंत हा मला आवडत नव्हता. आता घरचा जावई होणार. माझ्या मार्कांचा काय भरवसा?"